देशाचा राखीव तेलसाठा सांभाळणारी कंपनी दिवसभर करते काय?

प्रश्न असा आहे: "विशाखापट्टण, मंगळूर आणि पादूर इथे जमिनीखाली देशाचं राखीव कच्चं तेल ठेवलं आहे आणि त्यासाठी वेगळी सरकारी कंपनी आहे. एकदा तेल भरून तोंड बंद केलं की त्या कंपनीला काम काय उरतं? साडेनऊ दिवसांचा साठा म्हणजे नक्की किती? पेट्रोल शंभरीपार गेलं तेव्हा हे तेल बाहेर का काढलं नाही? आणि दोन-दोन रिफायनऱ्या मुंबईत असताना असा साठा महाराष्ट्रात का नाही?"

माझी सगळी नोकरी तेलात गेली. आधी टँक फार्मवर, म्हणजे जमिनीवरच्या तेलटाक्यांच्या आवारात, आणि शेवटची काही वर्षं किनाऱ्यावरच्या भूमिगत साठवणुकीवर. जे हाताखालून गेलं त्यावरून सांगतो. कुठल्याही कंपनीच्या वतीनं बोलत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. तिथे तेलाकडे फारसं बघावं लागत नाही, पाण्याकडे बघावं लागतं. सकाळी शिफ्ट घेताना आम्ही लॉगबुकात पहिल्यांदा जो आकडा बघायचो तो तेलाच्या पातळीचा नसायचा, भूजलाच्या पातळीचा असायचा.

बहुतेकांना वाटतं की जमिनीत मोठाल्या पोलादी टाक्या पुरल्या आहेत. तसं काही नाही. तिथे अखंड खडकात खोदलेली दालनं आहेत. रुंदी साधारण वीस मीटर, उंची तीस मीटर, म्हणजे आत दहा मजली इमारत उभी राहील, आणि लांबी शेकडो मीटर. आतून पत्रा नाही, काँक्रीटचं अस्तर नाही. खोदताना दगड निसटू नये म्हणून मारलेले रॉक बोल्ट आणि भिंतींवर फवारलेलं सिमेंट, बस्स. तेल थेट खडकाला टेकलेलं असतं.

मग ते फटींतून झिरपून का जात नाही? ज्यानं विहीर बघितली आहे त्याला हे पटकन कळेल. उपसा केला की विहिरीत चारी बाजूंनी झरे आत येतात, कारण बाहेरची पाण्याची पातळी विहिरीतल्या पातळीपेक्षा वर असते. त्या विहिरीत पाण्याऐवजी तेल असतं तरी झरे आतच आले असते, तेल बाहेर गेलं नसतं. भूमिगत दालन हे असं विहिरीतल्या पाण्याच्या पातळीच्या बरंच खाली खोदलेलं असतं. भोवतीच्या खडकातल्या प्रत्येक फटीत पाणी भरलेलं असतं आणि त्या पाण्याचा दाब आतल्या तेलाच्या आणि वाफेच्या दाबापेक्षा जास्त असतो. त्यामुळे सगळी ये-जा एकाच दिशेनं चालते: पाणी आत येतं, तेल बाहेर जात नाही. आत आलेलं पाणी जड म्हणून तळाशी बसतं, तळातल्या खड्ड्यात गोळा होतं आणि पंपानं वर काढलं जातं. वर आल्यावर त्यातलं तेल वेगळं करून ते शुद्ध करावं लागतं, तसंच सोडून देता येत नाही.

पण पावसाच्या भरवशावर एवढा मोठा साठा ठेवत नाहीत. दालनाच्या छताच्या वर, थोड्या अंतरावर, एक लहान बोगदा काढलेला असतो. त्यातून दोन्ही बाजूंना आडवी भोकं पाडलेली असतात आणि त्यांत बारा महिने पाणी भरून ठेवतात. त्याला पाण्याचा पडदा म्हणतात. मी नवीन माणसांना पाण्याची छत्री म्हणून समजावायचो, कारण तो दालनाच्या डोक्यावर असतो. फरक एवढाच की ही छत्री कोरडी पडली तर पंचाईत.

ती कोरडी पडते कशी, हे एकदा डोळ्यांदेखत पाहिलं आहे. जागेचं नाव घेत नाही. एप्रिलचा शेवट होता. आवारात ठिकठिकाणी भूजलाचा दाब मोजणारी यंत्रं असतात, पिझोमीटर म्हणतात त्यांना. त्यातल्या एका कोपऱ्यातल्या दोघांचे आकडे रोज थोडे थोडे उतरायला लागले. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी उन्हाळ्यावर ढकललं. मग कुणीतरी म्हणालं, शेजारच्या गावात नवीन बोअर पडली असेल. जाऊन पाहिलं, तसं काही नव्हतं. शेवटी एका तरुण केमिस्टनं पडद्याला जाणारं पाणी बाटलीत घेतलं, उजेडात धरलं आणि बोटावर चोळून दाखवलं. बुळबुळीत. पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून जे औषध सोडतात, त्याचा छोटासा पंप कितीतरी दिवस नुसताच आवाज करत होता, औषध पुढे जातच नव्हतं. त्यामुळे आडव्या भोकांच्या तोंडांवर शेवाळासारखा चिकट थर धरला होता. पाणी देत होतो, पण ते खडकात शिरत नव्हतं. हजारो कोटींच्या साठ्याशी खेळ, आणि कारण काय, तर हंड्याएवढा पंप. भोकं दाबानं धुऊन काढली, दाब हळूहळू परत आला. तेलाचा थेंबही गेला नाही, पण तेव्हापासून ती बाटली माझ्या टेबलावर असायची.

तेव्हा "तोंड बंद केल्यावर काम काय" याचं उत्तर: पडद्याचं पाणी, झिरप्याचे पंप, वाफेचा दाब, खडकातली बारीकशी हालचाल ऐकणारी यंत्रं, अग्निशमन, पहारा आणि मोजमाप. झिरप्याचे पंप विहिरीसारख्या उभ्या शाफ्टमध्ये खोल टांगलेले असतात. एखादा बिघडला तर खाली माणूस पाठवता येत नाही, सगळा पंप पाइपसकट वर ओढून घ्यावा लागतो. बांधकामाच्या वेळी ज्या बोगद्यातून ट्रक आत-बाहेर करत होते, तो काँक्रीटचा जाड बुच मारून कायमचा बंद केलेला असतो. म्हणजे एकदा पहिलं तेल आत गेलं की त्या दालनात पुन्हा कोणी पाऊल टाकत नाही. आतलं सगळं आकड्यांवरून ओळखायचं.

मोजमापाचं थोडं सांगतो, कारण तिथे माझी झोप गेली आहे. जमिनीवरच्या टाकीत डिप घेणं सोपं असतं. छपरावर चढायचं, फितीला पाणी ओळखणारी पेस्ट लावायची, फीत सोडायची, किती भिजली ते वाचायचं. दालनात तेलाचा पृष्ठभागच इतका पसरट असतो की एक सेंटीमीटरलाही वजन येतं. पादूरच्या चार कप्प्यांपैकी एकेकात ६.२५ लाख टन तेल मावतं. वीस बाय तीसच्या दालनात एवढं तेल ठेवायचं तर, माझ्या हिशेबानं, एका कप्प्यात तेलाचा पसारा पंचवीस हजार चौरस मीटरच्या आसपास जातो. म्हणजे पातळीत एका सेंटीमीटरची चूक झाली की अडीचशे घनमीटरचा फरक पडतो. वीस हजार लिटरचे बारा-तेरा टँकर! शिवाय तळाशी पाणी असतं, त्याची पातळी वेगळी धरायची, तापमानाची दुरुस्ती वेगळी. ऑडिटवाल्यांना हे समजावताना तोंडाला फेस यायचा.

या सगळ्या खटाटोपाचा फायदा मोठा आहे. जमिनीखाली हवा नाही, ऊन नाही, वीज पडण्याची भीती नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या बुचर बेटावर वीज पडून डिझेलची एक टाकी पेटली होती, ती विझायला दिवस लागले, हे मुंबईकरांना आठवत असेल. २०१९ मध्ये सौदीच्या अबकैक इथल्या तेलप्रक्रिया केंद्रावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी हल्ला झाला आणि त्या देशाचं अर्ध्याच्या आसपास उत्पादन काही काळ थांबलं. वरच्या टाक्या आकाशातून कोणालाही दिसतात. खडकातलं दालन दिसत नाही आणि सहज लागतही नाही. एवढी मोठी क्षमता एका जागी हवी असेल तर टाक्यांपेक्षा दालन स्वस्तही पडतं, आणि वर जमीनही कमी लागते.

आता कंपनीबद्दल. तिचं नाव इंडियन स्ट्रॅटेजिक पेट्रोलियम रिझर्व्ह्ज लिमिटेड. १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं, तेलाचे भाव भडकले, आणि पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेचं सोनं मुंबईहून विमानानं लंडनला जाताना देशानं पाहिलं. परकीय चलनाच्या त्या खड्ड्याला कारणं इतरही होती, पण तेलाचं बिल हे मोठं कारण होतं. राखीव साठ्याची चर्चा तिथून पुढे सुरू झाली आणि कंपनी २००४ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीला ती इंडियन ऑइलची उपकंपनी होती. २००६ मध्ये ती ऑइल इंडस्ट्री डेव्हलपमेंट बोर्डाकडे गेली. हा बोर्ड देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावरच्या उपकरातून उभा राहिलेला. म्हणजे बॉम्बे हायच्या तेलावर सरकारनं जो उपकर घेतला, त्यातला काही पैसा फिरून फिरून कर्नाटकातल्या आणि आंध्रातल्या खडकात गेला, असं म्हणायला हरकत नाही. विशाखापट्टण आणि पादूरच्या खोदकामात मुंबईच्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीचाही हात आहे.

तीन जागांची क्षमता अशी: विशाखापट्टण १३.३ लाख टन, मंगळूर १५ लाख टन, पादूर २५ लाख टन. एकूण ५३.३ लाख टन. विशाखापट्टणच्या क्षमतेतला एक लहान कप्पा, ३ लाख टनांचा, हिंदुस्तान पेट्रोलियमचा आहे. त्यांनी खर्चात वाटा उचलला म्हणून.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बातम्यांत ती नेहमी घसरते. दालनं कंपनीची, पण सरकारी पैशानं घेतलेलं तेल सरकारचं. कंपनी गोदामवाली आहे. तेल कधी घ्यायचं, किती घ्यायचं, कधी सोडायचं, हे ती ठरवत नाही. ते दिल्लीत ठरतं. हुकूम आला की ठरलेल्या वेळेत व्हॉल्व्ह उघडता आला पाहिजे, ही कंपनीची जबाबदारी. आमच्या एका वरिष्ठांच्या भाषेत, "आपण कोठीवाले. जेवणावळ कधी आहे ते यजमान सांगेल, पण तेव्हा तांदळात किडे निघाले तर मार आपल्याला."

पैशाचा हिशेब बघा म्हणजे सरकारची कुचंबणा कळेल. पहिल्या टप्प्याची तिन्ही दालनं बांधायला साधारण ४१०० कोटी रुपये लागले. ती काठोकाठ भरायची तर ३ कोटी ९० लाख पिंपं तेल लागतं. ७० डॉलरचा भाव धरला तरी ते आज वीस हजार कोटींच्या वर जातं. भांडं चार हजारांचं आणि आतलं दूध वीस हजारांचं. आणि हे दूध वापरायचं नाही, नुसतं ठेवायचं. अर्थखात्यातल्या कुठल्याही माणसाला हे बघून पोटात गोळा येणारच. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात या खरेदीसाठी ५००० कोटी रुपये ठेवले होते, आणि त्याच वर्षी ती खरेदी पुढे ढकलली गेली.

त्यातून दोन वाटा काढल्या गेल्या. एक, दुसऱ्याचं तेल आपल्या कोठीत. अबू धाबीच्या अदनोक कंपनीनं मंगळूरचं अर्धं दालन घेतलं. २०१८ च्या मे महिन्यात तिचं पहिलं जहाज आलं. एरवी ती तेल इथल्या रिफायनऱ्यांना विकू शकते, आणि आणीबाणीत त्या तेलावर पहिला हक्क भारताचा. त्यांना भारताच्या दारात गोदाम मिळालं, आपल्याला स्वतःचे पैसे न गुंतवता साठा मिळाला. दुसरी वाट २०२१ मध्ये उघडली: पहिल्या टप्प्यातल्या निम्म्या क्षमतेपर्यंत व्यापारी वापराला मुभा दिली. माझं मत विचाराल तर भाड्यानं देणं मला पटतं, कारण नुसतं पडून राहिलेलं यंत्र गंजतं आणि माणसंही गंजतात. तेल आत-बाहेर होत राहिलं तर पंप, व्हॉल्व्ह, मीटर, सगळे जागे राहतात. पण भाडेकरूचं तेल आणि स्वतःचं तेल यांत अडचणीच्या दिवशी फरक पडतोच. करार कितीही चांगला असो, कोर्टात जायला तोवर वेळ नसतो. म्हणून निम्म्याच्या पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

एकदा मात्र सगळं जुळून आलं. २०२० चा एप्रिल. लॉकडाऊनमध्ये पेट्रोल-डिझेल कोणी घेईना, रिफायनऱ्यांच्या टाक्या भरल्या, आणि आधी ठरवलेली तेलाची जहाजं तर येतच होती. २० एप्रिलला अमेरिकेत एका वायद्याचा भाव शून्याखाली ३७ डॉलरपर्यंत गेला, म्हणजे घेणाऱ्यालाच पैसे द्यायची वेळ. त्या दिवसांत आपल्या रिफायनऱ्यांच्या वाट्याची जहाजं दालनांकडे वळवली गेली. सरासरी १९ डॉलरला पिंप पडलं. तीन महिने आधी, जानेवारीत, तोच भाव साठच्या घरात होता. सरकारनं बचतीचा आकडा ५००० कोटींच्या वर सांगितला. या खरेदीची फार वाहवा झाली, पण जाणकार असं म्हणतील की त्या वेळी दालनं काही प्रमाणात रिकामी होती म्हणून हे जमलं. आळशी माणसाची लॉटरी लागली म्हणा हवं तर.

आता साडेनऊ दिवस. हा आकडा सरकारचाच आहे आणि तो २०१९-२० च्या खपावर काढलेला आहे. खप त्यानंतर वाढला. आपल्या रिफायनऱ्या आता वर्षाला पंचवीस कोटी टनांच्या आसपास कच्चं तेल गाळतात. म्हणजे दिवसाला पावणेसात-सात लाख टन. त्या हिशेबानं ५३ लाख टन आठ दिवसही पुरत नाहीत. त्यातला काही माल निर्यातीचा असतो, तो थांबवला तर थोडे दिवस वाढतात. आणि हे सगळं दालनं भरलेली आहेत असं धरून. ती नेहमी भरलेली नसतात.

सरकार याच्या जोडीला तेल कंपन्यांच्या साठवणुकीचे ६४.५ दिवस धरतं आणि एकूण ७४ सांगतं. हा आकडा खोटा नाही, पण तो साठवण्याच्या जागेचा आहे, तेलाचा नाही. शिवाय कंपन्यांच्या टाक्यांतलं सगळं तेल काढता येत नाही. तरंगत्या छपराची टाकी घ्या. तेल उतरत गेलं की छप्पर पायांवर टेकतं, त्याखाली माणूस जितका उंच तेवढं तेल राहतंच. ते काढायचं म्हणजे टाकी सेवेतून बाहेर काढायची. पाइपलाइनमधलं तेल तर कधीच काढता येत नाही, ते पुढच्या तेलाला ढकलण्यासाठीच असतं. घरातल्या गॅसच्या सिलिंडरमध्ये वजनकाट्यावर किलोभर दिसतो पण शेगडी पेटत नाही, तसं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था आपल्या सभासद देशांना ९० दिवसांच्या निव्वळ आयातीएवढा साठा ठेवायला सांगते. भारत २०१७ पासून तिचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे ती सक्ती आपल्यावर नाही.

पण माझ्या दृष्टीनं दिवस मोजण्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: तेल कुठून निघून कुठे पोचणार? विशाखापट्टणचं तेल शेजारच्या हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनरीला जातं. मंगळूरचं तिथल्याच एमआरपीएल या रिफायनरीला. पादूरचं पाइपलाइननं मंगळूरला. देशातली सगळ्यात मोठी गाळप क्षमता मात्र गुजरातच्या किनाऱ्यावर आहे, आणि पानिपतसारख्या उत्तरेतल्या रिफायनरीचं आयात तेलही गुजरातच्या बंदरांतून पाइपनं वर चढतं. मग आखातातल्या तेलाची जहाजं जिथून बाहेर पडतात ती होर्मुझची सामुद्रधुनी उद्या बंद झाली तर पादूरच्या तेलाचा पानिपतला काय उपयोग?

उपयोग अदलाबदलीनं होतो. मंगळूर आणि विशाखापट्टण दालनातलं तेल घेतात, आणि त्यांच्या नावावर पश्चिम आफ्रिकेतून किंवा अमेरिकेतून निघालेली जहाजं गुजरातकडे वळवली जातात. समुद्रात असलेलं जहाज हा तेलाच्या धंद्यातला सगळ्यात लवचीक साठा आहे. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक रिफायनरीला प्रत्येक तेल पचत नाही. गंधक जास्त असलेलं आंबट तेल, कमी गंधकाचं गोड तेल, जड, हलकं, असे प्रकार असतात, म्हणून तर दालनांत कप्पे केलेले असतात. एकदा जड आंबट तेलाच्या कप्प्यात गोड तेल ओतलं की दोन्हींची किंमत गेली. २०२५ च्या जूनमध्ये इराण-इस्रायल युद्धाच्या त्या बारा दिवसांत होर्मुझचं काय होणार याची चर्चा सगळीकडे चालली होती. तेव्हा टीव्हीवर सगळे दिवस मोजत होते. तेलातली माणसं मात्र कुठलं जहाज कुठे आहे आणि त्यात काय भरलंय, हे मोजत असणार.

दुसऱ्या टप्प्यात ओडिशातलं चंडीखोल, ४० लाख टन, आणि पादूरलाच आणखी २५ लाख टन, असं ठरलं आहे. मंत्रिमंडळानं २०२१ मध्ये खासगी भागीदारीतून ते करायला मंजुरी दिली. चंडीखोलचा उपयोग उघड आहे, पारादीपची रिफायनरी जवळ आहे. राजस्थानात बिकानेरला मिठाच्या थरांत साठा करता येईल का, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेचा सगळा साठा तसाच आहे: टेक्सास आणि लुइझियानात मिठाच्या प्रचंड घुमटांत चार जागा, क्षमता ७१ कोटी पिंपांच्या वर. तिथे पाण्याचा पडदा लागत नाही, कारण मीठ स्वतःच घट्ट असतं. तेल काढायचं तर खालून पाणी ढकलायचं, तेल वर येतं. पण त्या पाण्यात थोडं मीठ विरघळतं आणि दर वेळी पोकळी मोठी होते. म्हणून ती किती वेळा रिकामी करायची यालाही मर्यादा आहे. आपल्या खडकाला ती अडचण नाही.

पेट्रोल शंभरीपार गेलं तेव्हा का काढलं नाही? काढलं होतं, निदान जाहीर तरी केलं होतं. मुंबईत २०२१ च्या मे अखेरीस पेट्रोल शंभरावर गेलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिका, जपान वगैरे देशांबरोबर भारतानं ५० लाख पिंपं सोडायचं ठरवलं. ५० लाख पिंपं म्हणजे देशाचा साधारण एका दिवसाचा खप. त्यानं पंपावरचा भाव हलणार नव्हता आणि हललाही नाही. त्याच महिन्यात केंद्रानं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क पाच रुपयांनी आणि डिझेलवरचं दहा रुपयांनी कमी केलं, त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी पंपावर दिसला. राखीव साठा पुरवठा तुटल्यावर वापरायचा असतो. भाव वाढले म्हणून तो काढणं म्हणजे पाहुणे आले म्हणून बी-बियाण्याची पोती फोडणं. ज्यांच्याकडे ७० कोटी पिंपांची जागा आहे त्यांना ते परवडतं, आणि त्यांनाही पुढे ती परत भरताना त्रास झालाच.

महाराष्ट्रात का नाही, याचं अर्धं उत्तर आपल्या पायाखाली आहे. असं दालन खोदायला एकसंध, भरीव खडक लागतो, ग्रॅनाइट किंवा नाइससारखा. कर्नाटकच्या आणि आंध्रच्या किनाऱ्यावर तसा सापडला. आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर, एकावर एक रचलेले. घाटात कुठेही उतरून कापलेली दरड बघा: काळा कातळ, मग लालसर मातीची पट्टी, मग पुन्हा काळा कातळ. पाणी त्या पट्टीतून आणि थरांच्या सांध्यांतून धावतं. पावसाळ्यात तिथूनच झरे फुटतात. जिथे पाणी मनाला येईल तसं धावतं, तिथे पाण्याचा पडदा सगळीकडे सारख्या दाबानं धरणं अवघड. बेसाल्टमध्ये खोदता येत नाही असं नाही. कोयनेचं वीजघर डोंगराच्या पोटातच आहे. पण वीजघरात पाणी शिरलं तर ते बाहेर काढायचं असतं. इथे ते आत यायला हवं, सगळीकडून आणि सारखं.

उरलेलं अर्धं उत्तर रिफायनरीचं. मुंबईतल्या दोन्ही रिफायनऱ्या जिथे आहेत त्या माहुलला आता दालनासाठी आणि त्यावरच्या सोयींसाठी मोकळी जागा कुठे आहे? दक्षिण सिंधुदुर्गात बेसाल्ट संपून जुने खडक लागतात, तिथे खडकाच्या दृष्टीनं विचार होऊ शकेल, पण जवळ रिफायनरी नाही. राजापूरकडची रिफायनरी उभी राहिली असती तर तुमचा हा प्रश्न वेगळ्या रंगात आला असता. असो, त्या वादात मी पडत नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण एक सांगून ठेवतो. हे सगळं कच्च्या तेलाचं झालं. स्वयंपाकाच्या गॅसपैकी साठ टक्क्यांच्या आसपास आपण बाहेरून आणतो, आणि त्यातला मोठा भाग होर्मुझमधूनच येतो. गॅसची भूमिगत दालनं आपल्याकडे आहेत, पण ती या कंपनीची नाहीत: विशाखापट्टणला ६० हजार टनांचं आणि मंगळूरला ८० हजार टनांचं. देशाचा रोजचा खप ऐंशी हजार टनांच्या वर आहे. दोन्ही काठोकाठ भरली तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपतील.